पैसा वर्षातून तीनदा, खर्च रोजचा : महिन्याचं बजेट सुरू कसं करायचं?

परभणीहून गंगाखेडकडे निघालं की वाटेत पोखर्णी लागतं. नृसिंहाच्या देवस्थानामुळे हे गाव ओळखलं जातं. परभणी-परळी लोहमार्गावरच्या इथल्या स्टेशनाचं नावही 'पोखर्णी नृसिंह' असंच आहे. बाकी गाव मराठवाड्यातल्या इतर गावांसारखंच. काळी जमीन, खरिपात सोयाबीन, कापूस आणि तूर, ओल टिकली तर रब्बीत हरभरा आणि ज्वारी.

आता अशा गावातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या मोबाईलवर रील येतं, "पगार झाला की त्याचे तीन भाग करा." पहिला प्रश्न तिथेच पडतो. कुठला पगार?

बजेटवरचे बहुतेक व्हिडिओ आणि पोस्ट महिन्याच्या एक तारखेला खात्यात ठरलेली रक्कम जमा होणाऱ्या माणसासाठी केलेले असतात. पोखर्णीसारख्या गावात पैसा दसरा-दिवाळीला सोयाबीनचा येतो, संक्रांतीच्या पुढेमागे तुरीचा येतो, शिमग्याच्या सुमारास हरभऱ्याचा येतो. मधल्या काळात रोजंदारी आणि सरकारी योजनांचे हप्ते. खर्चाला मात्र हंगाम नसतो. तेलाचा डबा दर महिन्याला संपतो, गॅस संपतो, रिचार्ज संपतं. त्यामुळे शेतीवाल्या घराच्या बजेटचं खरं काम काटकसरीच्या आधी सुरू होतं. वर्षातून तीनदा येणारा पैसा बारा महिन्यांत पसरवायचा कसा, हे आधी ठरवावं लागतं.

५०-३०-२० इथे का बसत नाही?

सोशल मीडियावर सगळ्यात जास्त फिरणारा नियम म्हणजे ५०-३०-२०. मिळकतीतले ५० टक्के गरजेवर, ३० टक्के हौसेवर, २० टक्के बचतीवर. अमेरिकेत एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरन त्यागी यांनी २००५ मध्ये 'ऑल युअर वर्थ' या पुस्तकातून तो लोकप्रिय केला. वॉरन तेव्हा हार्वर्डमध्ये कायदा शिकवत होत्या, पुढे सिनेटर झाल्या. नियम अमेरिकन पगारदार कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंब खर्च पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये होता आणि त्यातला जवळपास ४७ टक्के खर्च एकट्या खाण्यापिण्यावर झाला. म्हणजे पन्नासातले सत्तेचाळीस ताटातच संपले. उरलेल्या तीनमध्ये दवाखाना, शाळा, वीज आणि प्रवास बसवायचा असेल तर नियमच बदलावा लागेल.

नाबार्डची २०२१-२२ ची पाहणी आणखी नेमकं सांगते. ग्रामीण कुटुंबाची महिन्याची सरासरी मिळकत १२,६९८ रुपये आणि खर्च ११,२६२ रुपये. मधे उरतात १,४३६. २० टक्के बचत करायची तर अडीच हजारांच्या वर लागतील. सरासरी घराजवळ तेवढं उरतच नाही, आणि रील पाहून 'आपल्याला काही जमत नाही' असं वाटून घेण्यात अर्थ नाही.

आधी वर्ष कुठून धरायचं ते ठरवा

गावात एकाच वेळी किती वर्षं चालू असतात हे बघण्यासारखं आहे. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला सुरू होतं आणि पुढच्या पाडव्याला संपतं. बँकेचं आणि सोसायटीचं वर्ष १ एप्रिलला. महसूल वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं, तलाठ्याचे हिशोब त्यावर चालतात. व्यापारी दिवाळीला वही पूजतो. शाळेचं वर्ष जूनमध्ये.

घराच्या बजेटसाठी यातलं दिवाळीचं वर्ष सोयीचं, कारण मोठा पैसा तेव्हा हातात येतो. सोयाबीन मोंढ्यात गेलं, आडत्याने हमाली-तोलाई वजा करून पट्टी दिली, त्या दिवशी पुढच्या बारा महिन्यांचा विचार करता येतो. जूनमध्ये बियाणं-खताच्या धावपळीत तो करता येत नाही. तोपर्यंत विचार करायला पैसाच उरलेला नसतो.

पगारदाराने अर्थातच एक तारीख धरावी.

पहिला महिना फक्त लिहायचा

बजेट म्हणजे 'किती खर्च करायचा' हे आधी ठरवणं, असं समजून बरेच जण पहिल्याच दिवशी आकडे मांडतात. किराणा ३,०००, भाजी ८००, दवाखाना ५००. दहा तारखेला हे आकडे मोडतात आणि वही कपाटावर जाते. कारण साधं आहे, आकडे अंदाजाने लिहिलेले असतात.

म्हणून पहिल्या महिन्यात काहीही कमी करायचं नाही. जे जातं ते लिहायचं. दुकानदार याला रोजखर्डा म्हणतात : आलेला आणि गेलेला प्रत्येक रुपया त्याच दिवशी कच्चा टिपून ठेवायचा. महिन्याच्या शेवटी त्यातून एकेका खर्चाची बेरीज वेगळी काढायची, म्हणजे खतावणी. शंभर पानांची वही पुरते, ॲपची गरज नाही. जपानमध्ये 'काकेइबो' नावाची घरखर्चाची वही आजही अनेक घरांत लिहिली जाते. पत्रकार हानी मोतोको यांनी १९०४ मध्ये ती रूढ केली. ती पद्धतही हातानेच लिहिण्याची आहे.

लिहिताना दोन गोष्टी हमखास निसटतात. एक म्हणजे किराणा दुकानातली उधारी. दुकानदाराच्या वहीत नाव चढलं आणि खिशातून नोट गेली नाही की तो खर्च झालाच नाही असं वाटतं. माल घरात आला त्याच दिवशी तो आपल्या वहीत चढला पाहिजे. नाहीतर दिवाळीला दुकानदार एकदम मोठा आकडा सांगतो आणि त्यावर बोलायला आपल्याजवळ काही पुरावा नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मोबाईलवरून दिलेले छोटे पैसे. चहा २०, पेट्रोल १००, नातवाला खाऊ ३०. नोट मोडताना हात जरा थांबतो, स्कॅन करताना थांबत नाही. चांगली बाजू ही, की यूपीआयच्या ॲपमध्ये सगळा इतिहास राहतो. रात्री दोन मिनिटं तो बघून वहीत उतरवला तरी चालतं. पहिल्या महिन्याच्या शेवटी या छोट्या रकमांची बेरीज किराण्याच्या जवळ गेलेली दिसली तर दचकू नये. बऱ्याच घरांत असं होतं.

वर्षाची जमा मांडून बघू

इथून पुढे एक नमुन्याचं घर घेऊ. हे कोणा खऱ्या कुटुंबाचे आकडे नाहीत, पण पाच एकरवाल्या कोरडवाहू घराला ओळखीचे वाटतील असे आहेत. घरात पाच माणसं : नवरा-बायको, आजी, बारावीतला मुलगा आणि आठवीतली मुलगी.

समजा सोयाबीनचे १,००,००० आले, तुरीचे २८,००० आणि हरभऱ्याचे ५२,०००. एकूण १,८०,०००. इथेच सगळ्यात मोठी चूक होते. 'यंदा एक लाख ऐंशी हजार झाले' असं धरून घर चालायला लागतं. पण बियाणं, खत, फवारणी, ट्रॅक्टर, काढणी-मळणी या सगळ्याला ८०,००० लागलेले असतात, आणि ते पीककर्जाचे असतात. घराचे फक्त १,००,०००.

त्यामुळे पहिला नियम : शेतीची वही वेगळी आणि घराची वही वेगळी. जमलं तर खातीही वेगळी. औषधाच्या फवाऱ्याचे पैसे आणि पोरीच्या दप्तराचे पैसे एकाच खिशातून गेले की शेती नफ्यात आहे की तोट्यात, हे कधीच कळत नाही.

आता बाकीची जमा. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,०००, दोन्ही मिळून १२,०००. दोघांची मिळून वर्षभराची रोजंदारी ६४,००० धरू. लाडकी बहीण योजनेचे महिना १,५००, म्हणजे वर्षाला १८,०००. शेतीचे १,००,००० धरून सगळी बेरीज १,९४,०००. बाराने भागलं की महिन्याला १६,१६६ रुपये.

हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिण्यासारखा आहे. कारण पट्टीच्या दिवशी हातात लाखभर दिसतात तेव्हा घर सोळा हजारांचं आहे हे लक्षात राहत नाही.

योजनांच्या पैशांबाबत एक सावधगिरी. लाडकी बहीण जुलै २०२४ पासून सुरू झाली आणि पुढे पात्रतेच्या तपासणीत अनेकींची नावं कमीही झाली. पीएम-किसानचा हप्ता ई-केवायसी राहिली म्हणून अडकतो. हा पैसा जमेत धरावा, पण ज्या खर्चाला खाडा चालत नाही, जसं रोजचं खाणं किंवा औषध, तो त्याच्या भरवशावर ठेवू नये.

घराने स्वतःला पगार द्यायचा

सगळ्या उपायांत हा एक सगळ्यात उपयोगी आहे, म्हणून जरा सविस्तर.

नमुन्याच्या घरात ऑक्टोबरमध्ये सोयाबीनचे १,००,००० येतात. त्यातले ५०,००० त्याच दिवशी पीककर्जासाठी बाजूला. जानेवारीत तुरीचे २८,००० आले की तेही कर्जाकडे. झाले ७८,०००. उरलेले दोन हजार हरभऱ्यातून. मार्च उजाडायच्या आधी कर्जाची सोय झालेली असते आणि हरभरा पडत्या भावात घाईने विकावा लागत नाही.

आता घरासाठी राहिले सोयाबीनचे ५०,००० आणि हरभऱ्याचे ५२,०००, त्यातले दोन हजार कर्जाला गेले. सोयाबीनच्या पैशाने ऑक्टोबर ते मार्च चालवायचं, हरभऱ्याच्या पैशाने एप्रिल ते सप्टेंबर. दोन्हीकडे महिन्याला साधारण ८,३३३ येतात. हा झाला घराचा पगार. पैसा दुसऱ्या खात्यात ठेवायचा, ज्याचं एटीएम कार्ड खिशात नसतं आणि ज्याला यूपीआय जोडलेलं नसतं. दर महिन्याच्या एक तारखेला तिथून ८,३३३ रोजच्या खात्यात घ्यायचे. रोजंदारीचे सरासरी ५,३३३ आणि योजनेचे १,५०० त्यात मिळवले की घर महिन्याला साधारण १५,१६६ रुपयांवर चालतं. पीएम-किसान आणि नमोचे १२,००० त्याच्या बाहेर ठेवायचे. ते कुठे लागतील ते पुढे येतंच आहे.

दुसरं खातं कुठे? पोस्टाचं बचत खातं चालतं, राष्ट्रीयीकृत बँकेचं किंवा जिल्हा बँकेचंही चालतं. सहा महिन्यांनी लागणारा भाग छोट्या मुदत ठेवींत ठेवता येतो. ५२,००० ची एकच ठेव करण्याऐवजी चार-पाच वेगळ्या केल्या तर गरजेला एकच मोडता येते. जास्त व्याजाच्या आशेने पैसा कुठेही ठेवण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. बँकेतल्या ठेवीला माणशी ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांना हा विमा लागू नाही. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत अशा सोसायट्यांमध्ये अडकलेल्या ठेवींसाठी लोक कसे फिरले, हे घरोघरी ठाऊक आहे.

काही घरं धान्याचीच बँक करतात. सगळं सोयाबीन एकदम न विकता दहा-बारा कट्टे ठेवायचे आणि लागेल तसं मोंढ्यात न्यायचं. पद्धत वाईट नाही, पण भाव वाढेलच असं धरू नये. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव बराच काळ त्याच्या खाली राहिला. भाव वाढेल म्हणून थांबलेल्यांनी मधल्या काळात उसनवारी केली असेल तर त्यांचं दोन्हीकडून नुकसान झालं.

वर्षातून एकदाच येणारा खर्च

नमुन्याच्या घराचा दरमहा खर्च वहीतून असा निघाला : किराणा आणि तेल ४,५००, भाजी-दूध १,५००, गॅस ९००, वीज ५००, दोन मोबाईलचं रिचार्ज ६००, पेट्रोल आणि प्रवास १,२००, दवाखाना १,०००, मुलांचा वरखर्च १,५००. एकूण ११,७००. मिळकत पंधरा हजारांच्या वर, खर्च पावणेबारा हजार. म्हणजे साडेतीन हजार शिल्लक, असं वाटेल.

तसं नसतं. कारण जूनमध्ये फी आणि वह्या-पुस्तकं १५,०००. दिवाळी आणि कपडे १०,०००. लग्नसराईतला आहेर आणि जाणंयेणं ६,०००. वैशाखात नृसिंह जयंतीची यात्रा आणि पाहुणे, ३,००० धरू. मोटारसायकलचा विमा आणि दुरुस्ती ३,५००. नवरा-बायकोचे दोन सरकारी विमे ९१२. बेरीज ३८,४१२. बाराने भागली तर महिन्याला ३,२०१ रुपये होतात, आणि हे महिन्याच्या कुठल्याच हिशोबात दिसत नाहीत.

बजेट मोडतं ते बहुतेक वेळा इथेच. शाळा दरवर्षी जूनमध्येच सुरू होते, तरी फी 'अचानक आलेला खर्च' म्हणून भरली जाते. त्याच जूनमध्ये पेरणी असते. दोन्ही एकाच आठवड्यात आले की माणूस हात पसरतो.

उपाय असा की वहीच्या एका पानावर बारा महिन्यांची नावं लिहायची आणि प्रत्येकासमोर त्या महिन्यातला मोठा खर्च. पीएम-किसान आणि नमोचे १२,००० या पानासाठी राखून ठेवायचे. उरलेले २६,४१२ पगारातून, महिन्याला साधारण २,२०० काढत जायचे. हे पैसे शिल्लक नाहीत, ते फक्त अजून खर्च झालेले नाहीत, एवढाच फरक.

९१२ रुपयांच्या विम्याबद्दल थोडं. जीवनज्योती विम्याचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख. वय १८ ते ५० मध्ये तो घेता येतो. सुरक्षा विमा २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. दोघांचे मिळून ९१२. हप्ता मेअखेर खात्यातून आपोआप कापला जातो. त्या आठवड्यात खात्यात पैसे नसले तर विमा बंद पडतो आणि घरात कोणाला कळतही नाही. मे महिन्यासमोर हे लिहून ठेवावं.

दवाखान्याचं तसंच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते यादीतल्या रुग्णालयात भरती होऊन होणाऱ्या ठरावीक उपचारांसाठी. आजीच्या बीपीच्या गोळ्या आणि पोरांचा ताप खिशातूनच जातो. म्हणून ते १,००० काढून टाकता येत नाहीत.

शेकडा तीन म्हणजे वर्षाला किती?

गावातलं व्याज टक्क्यांत सांगितलं जात नाही, 'शेकडा' सांगितलं जातं. शेकडा तीन म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये. ऐकायला तीन, पण वर्षाचे ३६ टक्के. बँक सांगते ते सात टक्के वर्षाचे असतात. दोन आकडे शेजारी ठेवले तर तीन कमी वाटतात, आणि फसगत तिथेच होते.

जूनमध्ये ३०,००० रुपये शेकडा तीनने घेतले आणि नोव्हेंबरला फेडले तर पाच महिन्यांचे ४,५०० व्याज. सवाईने घेतले, म्हणजे सुगीला सव्वापट परत, तर ३०,००० चे ३७,५०० द्यायचे. पाच महिन्यांत २५ टक्के, वर्षाच्या भाषेत ६० टक्के. दिढीचा हिशोब करायलाच नको.

उलट बाजूला पीककर्ज बघा. मुदतीत फेडलं तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ३ लाखांपर्यंतचं कर्ज शून्य टक्क्याने पडतं. मुदत चुकली की सवलत गेली. ८०,००० वर सात टक्क्यांनी वर्षाचे ५,६०० होतात, थकबाकीचं व्याज वेगळं. त्यापेक्षा वाईट म्हणजे थकबाकीदाराला पुढच्या हंगामात नवं कर्ज मिळत नाही आणि मग जूनमध्ये शेकडा तीनचं दार उरतं. अनेक घरांचं चक्र असंच फिरतं. दिवाळीला पट्टी येते, संक्रांतीपर्यंत संपते, मार्चला कर्ज थकतं, जूनला सावकार.

कर्जमाफी होईल म्हणून जाणूनबुजून थकवणारेही असतात. माफी कधी आणि कोणाला मिळेल हे ठरवणं घराच्या हातात नाही. शून्य टक्क्याची सवलत मात्र ठरलेल्या तारखेला पैसे भरले की मिळते. बजेटमध्ये धरायची झाली तर ही धरावी.

कर्ज काढावंच लागलं तर आधी बचत गट. तिथे दिलेलं व्याज निदान गटातच राहतं आणि वर्षाअखेर सदस्यांच्याच कामी येतं. सावकाराकडे जायचं तर परवानाधारक. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. परवानाधारकानेही शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावायचं नाही, असे दर सरकारने ठरवून दिले आहेत. म्हणजे शेकडा एक ही कायद्याची वरची मर्यादा झाली. जमिनीचं खरेदीखत करून घेऊन वर ३६ टक्के लावणाऱ्याची तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक कार्यालयात करता येते.

पीकच गेलं तर?

नमुन्याच्या घराचा वर्षाचा खर्च १,७८,८१२ आणि जमा १,९४,०००. उरले १५,१८८, महिन्याला साधारण १,२६५. वर नाबार्डच्या पाहणीतला १,४३६ चा आकडा आला होता, त्याच्या आसपासच.

आता सोयाबीन निम्मं झालं असं धरा. ५०,००० कमी. शिल्लक जाऊन ३४,८१२ ची खोट. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने मराठवाड्यात उभं पीक पाण्यात गेलं, तेव्हा कित्येक घरांत निम्मंही आलं नाही. कोणत्याही वहीने पाऊस थांबत नाही आणि १५,००० शिल्लक असलेल्या घराला 'बचत करा' एवढंच सांगणं बरोबर नाही. या घराला ३५,००० साठवायला दोन वर्षांपेक्षा जास्त लागतील, आणि तीही दोन्ही वर्षं चांगली गेली तर.

तरीही हा आकडा आधीच माहीत असण्याचा फायदा आहे. तीन महिन्यांचा घरखर्च म्हणजे ३५,१००, जवळपास तेवढाच. म्हणून घराचं पहिलं लक्ष्य हे असावं. सोनं, प्लॉट, नवी गाडी त्यानंतर. दुसरं म्हणजे पीकविमा. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रात तो एक रुपयात होता, २०२५ च्या खरिपापासून पुन्हा शेतकऱ्याला हिस्सा भरावा लागतो : खरीप पिकाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकाला ५ टक्के. एक रुपयाची सवय लागलेल्यांनी हा खर्च जूनच्या पानावर लिहिलेला नसतो. तिसरं, पीक गेलं की कर्जाचं पुनर्गठन मिळतं का हे बँकेत लवकर विचारावं, मुदत उलटायच्या आधी.

आणि वाईट वर्षात आधी काय थांबवायचं हे चांगल्या वर्षातच ठरवून ठेवावं. नमुन्याच्या घराने दिवाळीचे १०,००० निम्म्यावर आणायचे आणि आहेर एकाच दराने द्यायचा असं ठरवलं तर आठेक हजार वाचतात. मुलीची शाळा आणि आजीच्या गोळ्या या यादीत येऊ द्यायच्या नाहीत. अडचणीच्या वेळी ठरवायला बसलं की नेमकं तेच आधी कापलं जातं.

शेती नसेल तर

ऊसतोडीला जाणाऱ्या घराचा हिशोब आणखी उलटा असतो. मुकादमाकडून उचल आधी मिळते आणि काम नंतर. गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातून अनेक जोडपी दरवर्षी तोडीला जातात. उचल जमेच्या बाजूला लिहिली की फसगत होते, ते कर्ज आहे. वहीत ती नावे लिहायची आणि किती टन तोडल्यावर ती फिटली हे आठवड्याला टिपत जायचं. मुकादमाच्या वहीशी ताडून बघायला हे एकच साधन हातात असतं.

सालगड्याचंही थोडंसं तसंच. पाडव्याला ठरलेल्या सालातले पैसे वर्षभर थोडे थोडे उचलले जातात, आणि पुढच्या पाडव्याला किती निघाले यावर वाद होतो. उचल घेतली की तारीख आणि मालकाची सही.

पुण्यात, चाकण-रांजणगावला नोकरी करणारा मुलगा असेल तर एक सोपी गोष्ट करता येते. तो लागेल तसे पाठवतो त्याऐवजी दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम पाठवू लागला, भले ती कमी असो, तर गावाकडच्या घराला खराखुरा महिना मिळतो. अडीअडचणीचे वेगळे.

वही कोणाकडे?

बऱ्याच घरांत पट्टीचा आकडा बापाला माहीत असतो, किराण्याचा आईला आणि मोबाईलवरून काय गेलं ते पोराला. तिघं एकत्र बसून तीन आकडे एका पानावर येत नाहीत. बचत गटात बसणाऱ्या बायका दर महिन्याला वर्गणी, कर्ज आणि व्याज वहीत लिहितात, त्यांना हे काम नवं नाही. त्यामुळे वही त्यांच्याकडे द्यावी आणि महिन्यातून एकदा, एक-दोन तारखेला, सगळ्यांनी अर्धा तास बसावं. बारावीतल्या पोरालाही बसवावं. बाप नवीन मोबाईलला नाही का म्हणतो, हे त्याला त्या पानावर दिसतं.

पहिल्या तीन महिन्यांत हिशोब जुळणार नाही. कुठेतरी पाचशे-हजार सापडत नाहीत. तिथे 'इतर' असं लिहून पुढे जायचं. 'इतर' दर महिन्याला कमी होत असेल तर वही नीट चालली आहे. ते वाढत असेल तर कोणीतरी काहीतरी लिहीत नाही, आणि बहुधा ते पेट्रोल असतं.

सुरुवात दिवाळीलाच करायला हवी असं नाही. जूनमध्ये हातात काही नसताना सुरू केलं तर त्या महिन्यात एवढंच लिहायचं : कोणाकडून किती घेतले, कोणत्या दराने आणि कधी द्यायचे. सोयाबीनची पट्टी आली की तेच पान आधी उघडायचं.